जुनी बुलेट स्पिती-लडाखसाठी तयार करताना: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

हा लेख एका ठरावीक गाडीबद्दल आहे: कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५०, चार गिअरची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेली. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी, ताकद जेमतेम १८ अश्वशक्ती. दोन्ही चाकं १९ इंची. येझदी किंवा राजदूत असेल तर मापं बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आणि चूक होते ती क्रमातच. आधी बटन टायर (मातीसाठीचे, मोठ्या गुठळ्यांच्या नक्षीचे) येतात, मग मोठे लेगगार्ड, मग जोडीचे दिवे, आणि इंजिनाकडे लक्ष जातं निघायच्या आदल्या आठवड्यात. कॅरिअरसाठी चेसिसला वेल्डिंग करायचं राहिलेलं असतं, ते नव्या वायरिंगवर होतं. सामान किती हे ठरलेलंच नसतं आणि शॉकअप विकत घेऊन झालेले असतात. प्रत्येक काम पुढच्या कामावर अवलंबून आहे हे एकदा लक्षात आलं की निम्मा खर्च आणि बरीचशी चिडचिड वाचते.

सप्टेंबरमध्ये निघायचं असेल तर गाडी मे महिन्यात खोला. जून-जुलैचा पाऊस आणि सह्याद्रीतले रस्ते चाचणीसाठी आयते मिळतात.

## टप्पा १: कागद आणि मर्यादा

गाडीला पाना लावण्याआधी आर.सी. हातात घ्या आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर स्वतः पडताळा. जुन्या बुलेटची इंजिनं बदललेली असतात आणि आर.सी.वर जुनाच नंबर राहिलेला असतो. हे घरी कळलं तर आर.टी.ओ.त जाऊन निस्तरता येतं, परराज्यातल्या नाक्यावर नाही. १५ वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते, महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पी.यू.सी. प्रवासाच्या अखेरच्या तारखेनंतरही चालू राहतील असे घ्या.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाचून ठेवा. आर.सी.वर नोंदवलेला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. सामानाचं कॅरिअर, हँडल, टायर ही वेगळी गोष्ट. चेसिस कापणं किंवा दुसऱ्या क्षमतेचं इंजिन बसवणं या भानगडीत पडूच नका.

सावधान: दिल्ली आणि एन.सी.आर.मध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आलेले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी वेळोवेळी बदलते. मार्ग आखतानाच तो भाग टाळा, किंवा गाडी रेल्वे पार्सलने पुढे पाठवा. पार्सलला देताना पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी लागते.

## टप्पा २: आधी सामान तोला, मग चेसिसला हात लावा

चेसिसच्या टप्प्यात सामान कुठून आलं, असं वाटेल. कॅरिअरचे कान कुठे वेल्ड करायचे हे सामानावरून ठरतं म्हणून. तंबू, झोपायची पिशवी, कपडे, हत्यारं, सुटे भाग सगळं पिशव्यांत भरा आणि काट्यावर ठेवा. २० किलोच्या वर गेलात तर कमी करा. १८ अश्वशक्तीच्या गाडीला खिंडीत ती ताकदही पूर्ण मिळणार नाही, ते पुढे येईलच.

मग गाडी पूर्ण उतरवा. चेसिस धुऊन, घासून, उजेडात तपासा. स्टिअरिंगच्या डोक्याखालचा सांधा, मागच्या मडगार्डला धरणारे बाक, शॉकअपचे वरचे कान आणि सेंटर स्टँडची जागा इथे तडे सापडतात. रंगाखाली गंजाची बारीक रेघ दिसली तर तिथला रंग खरवडून बघा. स्विंगआर्म हाताने आडवा हलवा. जरा जरी खेळ जाणवला तरी बुश बदला, नुसता नट आवळून तो जात नाही.

आता वेल्डिंगची सगळी कामं एकदम: कॅरिअरचे कान, साइड स्टँडच्या टोकाला रुंद पत्रा, आणि इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या पकडी.

या पत्र्याबद्दल जरा सविस्तर, कारण तो चुकीचा बसवलेला फार वेळा दिसतो. या बुलेटच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारा पाइप नाही. समोरचा एक पाइप इंजिनाच्या पुढच्या पट्ट्यांपाशी संपतो आणि इंजिन स्वतःच चेसिसचा भाग म्हणून काम करतं. म्हणजे क्रँककेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या कवचाचं, पोट आणि तेलाचे बोल्ट उघडे. पत्रा थेट क्रँककेसच्या बोल्टांना अडकवला तर दगडाचा दणका सरळ ॲल्युमिनियमच्या कवचाला बसतो आणि तडा जातो, जे टाळायला पत्रा लावला नेमकं तेच. तो पुढे इंजिनाच्या पट्ट्यांवर आणि मागे स्टँडच्या जागेजवळ चेसिसवर अडकला पाहिजे, आणि क्रँककेसपासून बोटभर अंतर हवं. ४ मिमी ॲल्युमिनियम पुरेसं. तेल काढायच्या बोल्टांसमोर भोकं ठेवा, नाहीतर दर वेळी पत्रा उतरवावा लागेल.

सेंटर स्टँड जमिनीला घासतो म्हणून काढून टाकणारे बरेच आहेत. माझं मत उलट आहे. मनाली-काझा रस्त्यावरच्या बाटलच्या पुढे मागचं चाक पंक्चर झालं की स्टँडशिवाय गाडी उचलायची कशावर? स्टँड ठेवा, पाय देऊन तो लावायची जी दांडी खाली लोंबते तेवढी वर वाकवून घ्या.

वेल्डिंग संपलं की रंग. रंग वाळला की जोडणी.

सावधान: जुन्या बुलेटवर अनेक ठिकाणी ब्रिटिश आट्यांचे बोल्ट आहेत. मेट्रिक बोल्ट पहिले दोन आटे जातो आणि मग जोर लावावा लागतो, तिथेच थांबा. जुना बोल्ट नमुना म्हणून नेऊन तसाच घ्या. जिथे जागा आहे तिथे नायलॉक नट वापरा.

## टप्पा ३: इंजिन

ताकद वाढवायचा विचार इथे सोडा. मोठा कार्ब्युरेटर, हाय-कॉम्प्रेशन पिस्टन, मोकळा सायलेन्सर यांनी गरमी वाढते आणि वाटेतल्या गॅरेजमध्ये न मिळणारे भाग इंजिनात जातात. इंजिन कंपनीने दिलं होतं तसं व्हायला हवं.

तेल. या इंजिनाची तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, वेगळ्या कप्प्यात आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल त्या कप्प्यातून खाली क्रँकच्या बाजूला उतरतं आणि डिपस्टिक कोरडी दिसते. घाबरून लोक वरून लिटरभर ओततात. इंजिन सुरू झालं की पंप खालचं तेल परत वर आणतो आणि जास्तीचं ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, मगच डिपस्टिक बघा. तेल २०डब्ल्यू-५०.

तेल फिरतंय का हे बघायला इंजिन चालू ठेवून हेडवरच्या रॉकरच्या पाइपचा बॅन्जो बोल्ट किंचित सैल करतात, तेल पाझरलं की झालं, असं समजतात. त्याने फक्त रॉकरला तेल पोहोचतंय एवढंच कळतं. बिग एंडकडचा, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचा, रस्ता वेगळा आहे. टायमिंग कव्हरमधून क्रँकशाफ्टच्या टोकात तेल जातं आणि त्या जोडणीवर कॉर्कचं सील असतं. ते आक्रसलं की तेल बिग एंडला न जाता बाजूने गळून जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टायमिंग कव्हर उघडलं की हे सील बदलायचंच, जुनं कितीही चांगलं दिसो. फिल्टर आणि त्याचे वॉशरही त्याच वेळी.

बोअर आणि पिस्टन. किक कॉम्प्रेशनवर आणून तिच्यावर उभे राहा. चांगल्या इंजिनात ती तुमचं वजन क्षणभर पेलते आणि हळूहळू खाली जाते. सरळ खाली गेली तर हेड काढा. व्हॉल्व्ह नीट बसत नसतील तर ग्राइंडिंगवर भागेल, सिलिंडरमध्ये कडा लागत असेल तर बोअर करून पुढच्या साइजचा पिस्टन. लेथवाल्याकडे आधी पिस्टन द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका.

टॅपेट. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, सिलिंडरच्या उजव्या अंगाचं झाकण काढलेलं. पुशरॉड दोन बोटांत धरा. तो बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली अजिबात हलता कामा नये. फिरत नसेल तर घट्ट आहे, व्हॉल्व्ह जळेल. हलत असेल तर टकटक आवाज येईल. लॉक नट आवळल्यावर पुन्हा फिरवून बघा, आवळताना माप सरकतं.

पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे संपर्क. गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फीलर गेजने. पॉइंटखालचं ॲडव्हान्स यंत्र हाताने फिरवून सोडा, स्प्रिंगने ते झटकन जागेवर आलं पाहिजे. हे अडकलं की गाडी चढावर दम टाकते आणि सगळा दोष कार्ब्युरेटरवर जातो. पॉइंटच्या झाकणाचं गॅस्केट नवं लावा, नाल्यातलं पाणी तिथूनच आत जातं.

बोअर केलं असेल तर पहिले ५०० किमी ताशी ५० च्या आसपास, गाडीवर ओझं नको, इंजिन घरघरत ठेवून वरचा गिअर नको. ५०० ला तेल बदला. हे अंतर प्रवासातच कापू असं म्हणून निघणाऱ्यांचे पिस्टन राजस्थानच्या उन्हात जाम होतात.

तपासणी: पुढे जाण्याआधी, टायर आणि हँडल मूळचेच ठेवून, २०० किमीची एक फेरी मारा. आल्यावर तेलाची पातळी, प्लगचा रंग आणि गळती बघा. इथे शंका राहिली तर पुढचा खर्च थांबवा.

## टप्पा ४: वायरिंग

जुनं वायरिंग दुरुस्त करत बसू नका, पूर्ण नवं टाका. मूळच्याच मार्गाने आणि मूळच्याच रंगांचं, म्हणजे स्पितीतल्या काझामधल्या मिस्त्रीलाही कळेल. जोड पिळून टेप गुंडाळलेला नको. प्रत्येक टोकाला लग लावून दाबून घ्या. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायर कुठे ताणली जाते ते बघा. फ्यूज बॅटरीजवळ हवा.

अल्टरनेटरची क्षमता मर्यादित आहे. हेडलाइट लावा, ब्रेक दाबून ठेवा आणि इंजिन मध्यम वेगात फिरवा. अॅमीटरचा (बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणाऱ्या तबकडीचा) काटा मधोमध किंवा चार्जच्या बाजूला हवा. डिस्चार्जकडे गेला तर जास्तीचे दिवे लावायची सोय गाडीत नाही. लावायचेच असतील तर लहान एल.ई.डी., रिलेवरून, वेगळ्या फ्यूजसह.

हाच अॅमीटर थंडीत किक मारायला मदत करतो. चावी चालू करून किक हळूहळू दाबा. पॉइंट बंद असताना काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो. तो मधोमध येऊन थांबला की पॉइंट उघडले. आता डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक थोडीशीच पुढे न्या, डिकम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण मारा. मनाली-लेह रस्त्यावरच्या सर्चूच्या पहाटे विरळ हवेत दहा-बारा किक मारून जीव धापा टाकायला लागतो, तेव्हा ही सवय आधीपासून असलेली बरी.

## टप्पा ५: चाकं, टायर, ब्रेक

पुढे २१ इंची रिम घालायची टूम आहे. मी ती सुचवणार नाही. दोन्ही चाकं १९ ची ठेवली की एकच जादा ट्यूब दोन्हीकडे चालते, आणि शेकडो किलोमीटर दुकान नसलेल्या रस्त्यावर याची किंमत फार आहे.

रिम आउट आहे का ते बघा. स्पोकवर एकेक करून पान्याने टिचकी मारा, भद्द आवाज आला तो सैल. गंजलेले स्पोक असतील तर सगळा संच बदला, बेअरिंग आणि स्टिअरिंगचा कोनसेटही.

टायर पुढे ३.२५-१९, मागे ३.५०-१९ पर्यंत, रस्ता आणि माती दोन्हीला चालणारी नक्षी. पूर्ण बटन टायर महाराष्ट्रापासून तिथवर डांबरावरच निम्मा झिजेल आणि ओल्या घाटात घसरेल. टायर बसवल्यावर चाक फिरवून चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्मपासून अंतर बघा. चिखल अडकायलाही जागा लागते. दगडी रस्त्यावर हवा थोडी कमी करा, पण भरलेल्या गाडीची फार कमी केली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून फाटते.

पुढच्या ब्रेकला दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारा दांडा असेल तर दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला लागतील असा तो लावा. बहुतेक गाड्यांत एकच शू काम करत असतो आणि मालक म्हणतो, जुन्या बुलेटला ब्रेकच नसतो. नाला ओलांडल्यावर ब्रेक हलकासा दाबत थोडं अंतर चालवा, ड्रम वाळल्याशिवाय ब्रेक लागत नाही.

## टप्पा ६: शॉकअप आणि हँडल

शॉकअप आता घ्यायचे, कारण आता वजन ठाऊक आहे. मूळच्यापेक्षा २५ मिमीहून जास्त लांब नको. चेन स्विंगआर्मला घासू लागते आणि सेंटर स्टँड जमिनीपर्यंत नीट पोहोचत नाही. सामानासकट बसून कुणाकडून तरी मोजून घ्या, एकूण हालचालीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त दबता कामा नये. पुढच्या फोर्कमध्ये नवं तेल, नवे सील. बस.

हँडल रुंद आणि उभं राहून चालवता येईल इतकं उंच. त्यासोबत क्लच, अॅक्सिलरेटर, ब्रेक आणि डिकम्प्रेसर या चारही केबल लांब लागतात.

तपासणी: इंजिन आयडलला ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय.

## टप्पा ७: स्प्रॉकेट

टायरची उंची ठरल्यावरच. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला की खिंडीत पहिल्या गिअरला दम राहतो, हायवेवर थोडा वेग जातो. हा स्प्रॉकेट क्लचच्या मागे आहे, म्हणजे प्रायमरी केस उघडून क्लच काढावा लागतो. क्लच प्लेटा, प्रायमरी चेन आणि सील याच वेळी बघून घ्या. मागचा स्प्रॉकेट ब्रेक ड्रमसोबत एकाच तुकड्यात येतो, म्हणून तिकडे दात वाढवायच्या फंदात पडू नका.

## टप्पा ८: सामान आणि पेट्रोल बांधणं

जड वस्तू खाली आणि मागच्या आसाच्या पुढे. हत्यारं सीटच्या बाजूच्या पिशव्यांत, तंबू मागे वर. कापडी पिशव्या पत्र्याच्या पेट्यांपेक्षा बऱ्या, गाडी पडली तर पाय सुटतो आणि कॅरिअरही वाकत नाही.

मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरचा पुढचा पंप ३६५ किमीवर असल्याचा फलक प्रसिद्ध आहे. टाकी १४.५ लिटरची, चढावर आणि कच्च्या रस्त्यावर २५ चं अॅव्हरेज धरलं तर ३६० किमी. वाट चुकली, परत फिरावं लागलं तर? ५ लिटर जादा लागतंच. कॅन डाव्या बाजूला बांधा, उजवीकडे सायलेन्सर आहे. आणि पहिल्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरनंतर तो टाकीत ओतून रिकामा करा, उगाच बाळगू नका.

सुटे भाग: पॉइंट सेट, कंडेन्सर, दोन प्लग, ट्यूब, पंप, पंक्चर किट, चेनचं लॉक, दोन्ही मापांचे स्पोक, फ्यूज, बल्ब, बायंडिंग वायर, एम-सील, फीलर गेज, लिटरभर तेल. क्लच आणि अॅक्सिलरेटरची जादा केबल पिशवीत ठेवू नका. चालू केबलच्या शेजारून ती आधीच टाकून दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवा. तुटली की पावसात टाकी उतरवायची गरज नाही, फक्त टोकं बदलायची.

## टप्पा ९: पावसातली चाचणी

पूर्ण सामान बांधून दोन दिवस. पहिल्या दिवशी वरंध किंवा माळशेज, म्हणजे लांब चढ, उतार आणि पाऊस. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याहून राजमाचीच्या उधेवाडीकडे जाणारा कच्चा रस्ता. दगड, ओढे, चिखल, स्पितीला जे लागणार ते बहुतेक इथे मिळतं. मागचं चाक स्वतः काढून ट्यूब बदला, मेकॅनिक बरोबर असला तरी त्याला हात लावू देऊ नका.

घरी आल्यावर गाडी धुण्याआधी प्रत्येक नट पान्याने तपासा. जो सैल झाला त्यावर रंगाची खूण करा आणि त्याचा वॉशर बदला. या फेरीनंतर नवीन काही बसवू नका. न तपासलेला भाग घेऊन निघण्यापेक्षा त्याच्याशिवाय निघालेलं चांगलं.

## टप्पा १०: उंचीवरचा कार्ब्युरेटर

लेहजवळची खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तेवढ्याच प्रमाणात ताकद घटते आणि पेट्रोलचं मिश्रण दाट होतं: काळा धूर, काळा प्लग, गुदमरलेलं इंजिन. एक किंवा दोन नंबर लहान मेन जेट डबीत घालून न्या. नीडलची क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसते आणि मिश्रण पातळ होतं. हे काम मनाली सोडल्यावर, गाडी खरोखर अडखळायला लागल्यावर करा. पुण्यातून लहान जेट घालून निघालेली गाडी वाटेतच तापते.

नाले सकाळी ओलांडा. बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं. छत्रू ते बाटल या पट्ट्यात हे काटेकोरपणे पाळा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर आधी चालत जाऊन तळाचे दगड बघा. गाडी पाण्यात बंद पडली तर किक मारू नका, बाहेर ढकला, प्लग काढून सिलिंडरमध्ये पाणी गेलंय का ते बघा, डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसतंय का ते बघा, आणि मगच सुरू करा.

परतीच्या वाटेवर, उंची उतरून मनालीत पोहोचलात की त्याच संध्याकाळी मूळचा मेन जेट परत घाला आणि क्लिप जुन्या खाचेवर आणा. पातळ मिश्रणावर पंजाबचा सरळ हायवे धरला तर पिस्टन तिथेच धरतो. जेट बदलून १० किमी चालवा, प्लग काढून बघा. फिकट तपकिरी दिसला की पुढे निघा. तेलही तिथेच बदलून घ्या, नाल्यांमधून गेलेल्या गाडीत ते घरापर्यंत ठेवू नका.